सात आठवडे बांधलेलं कोपर

वस्ताद, परवा तुमचा दहावा झाला. तेव्हापासून मी शाळेतून येतो, कोट काढतो आणि ओसरीवर नुसता बसून राहतो. रडू येत नाही, राग येत नाही, फक्त थकवा येतो. मालतीनं चहा दिला, तो निवला. तिनं परत गरम करून दिला, तोही निवला. शेवटी म्हणाली, "काय लिहायचंय ते एकदाचं लिहून टाका. रॉकेल रेशनवर मिळतं, तुमच्या चहापायी सगळं संपेल." म्हणून कागद घेतला.

लोक तुमच्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगतात. कुठल्या जत्रेत कोणाला चितपट केलं, कुठल्या गावचा फेटा कोणी बांधला. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी बदली होऊन पाथर्डीला आलो तोवर तुम्ही आखाड्यात उतरणं सोडलं होतं, नुसती पोरं तयार करत होतात. मला ठाऊक आहेत ते तुमचे हात. निखळलेला सांधा हाताला लागला की डोळे मिटून घ्यायचात तुम्ही, ते ठाऊक आहे. आणि एक गोष्ट ठाऊक आहे, जी तुमच्यापाशी बोलायची होती आणि मी बोललो नाही. मालतीचं कोपर तुम्ही नीट बसवलं होतं. ते बिघडवलं मी, आणि चारचौघांत नाव घेतलं तुमचं.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. शाळेची आणि तालमीची भिंत एक. मी नववीला शरीरशास्त्र शिकवत होतो. फळ्यावर सांगाड्याचा तक्ता टांगलेला, हातात छडी. "मानवी शरीरात दोनशे सहा हाडे असतात आणि त्यांच्यामुळे शरीर उभे राहते," असं म्हणायला आणि खिडकीतून तुमचा आवाज यायला एकच गाठ पडली.

"मास्तर, नुसत्या हाडांवर मानूस उभा ऱ्हात असंल, तर मसनातली हाडं का हो आडवी पडत्यात?"

वर्ग खदाखदा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या सुट्टीत मी तुमच्याकडे तरातरा आलो, चांगलं खडसावायचं म्हणून. तुम्ही पोरांना तेल लावून देत होतात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "उद्या वर्ग घेऊन या हिकडं. तुमचा तक्ता हालत न्हाई, मी हालनारं दावतो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही खाटकाकडून बकरीचा पाय आणून ठेवला होता, खुरासकट. मुलींना तालमीच्या उंबऱ्याआत यायची चाल नाही, म्हणून तुम्हीच बाहेर ओट्यावर बसलात. मी जन्मात मांसाला न शिवलेला माणूस. नाकाला रुमाल लावून उभा. तुम्ही चाकूनं कातडी सोडवलीत, आतली एक पांढरी दोरी चिमटीत धरलीत आणि ओढलीत. खूर मुडपलं. सोडलीत, सरळ झालं. मुली किंचाळल्या आणि मग "परत करा, परत करा" म्हणून पुढे सरकल्या.

"ही मांसाला हाडाशी बांधती," तुम्ही म्हणालात. मग गुडघा उघडलात. त्याच्या दोन्ही अंगांना रुंद पट्ट्या होत्या, चामड्याच्या वादीसारख्या. "आन् ही हाडाला हाडाशी बांधती. पैली वढती, दुसरी आवरती. नुसतं वढनारं आसलं तर सांधा निखळंल, नुसतं आवरनारं आसलं तर जागचा हालनार न्हाई."

"पहिलीला कंडरा म्हणतात आणि दुसरीला अस्थिबंध," मी रुमालाआडून म्हणालो. माझी बाजू लंगडी पडू द्यायची नव्हती मला.

"नावं झाक हायेत," तुम्ही म्हणालात. "आता बोट लावा हितं."

मी लावलं. अजून मला ते आठवतं, वस्ताद. हाडाच्या टोकावर पांढरं, गार, गुळगुळीत काहीतरी होतं, आणि त्यावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत ओलावा. दहा-बारा वर्षं मी 'कूर्चा' हा शब्द फळ्यावर लिहीत आलो होतो आणि ती हाताला कशी लागते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही पोरांना सांगत होतात की हाडावर हाड कधी घासत नाही, मध्ये ही गादी असते आणि गादीला वंगण असतं. "बैलगाडीच्या आकाला वंगन बाहीरनं घालावं लागतं. हितलं आतनंच येतं, पन हालवलं तरच फिरतं. बसून ऱ्हायलं की सांधा सुकतो."

"पुस्तकात असं काही दिलेलं नाही. दुखावलेल्या अवयवाला विश्रांती द्यावी असं दिलंय," मी म्हणालो.

"द्यावी की. पन किती?" तुम्ही विचारलंत. "बांधायचं कवा आन् सोडायचं कवा, सारी इद्या तेवढ्यात हाय मास्तर."

घरी येऊन मी डोक्यावरून आंघोळ केली. मालती पोट धरधरून हसली.

पुढं चारेक वर्षं आपण तेच भांडण भांडत होतो. संध्याकाळी तुम्ही ओट्यावर, मी शाळेच्या पायरीवर. मी म्हणायचो शरीर आरामानं बरं होतं, तुम्ही म्हणायचात हालचालीनं बरं होतं. ऊसतोडीवरून परतलेल्या माणसांच्या कंबरा आणि गुडघे तुमच्याकडं यायचे, मनगटं यायची. तुम्ही त्यांना चोळून, वळवून, दोन दिवसांनी कामाला जा म्हणायचात. मी डोक्याला हात लावायचो. खरं सांगू का, मला त्या भांडणाची गोडी लागली होती. दिवसभर 'हो सर, नाही सर' ऐकून कंटाळलेल्या माणसाला कोणीतरी 'न्हाई मास्तर' म्हणणारं हवं असतं.

मग बहात्तर आलं. त्या सालाबद्दल काय लिहायचं? ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. दिवाळी झाली आणि विहिरींनी तळ दाखवला. टँकर आला की सरकारी विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया त्यावर तुटून पडायच्या. मालती भरला हंडा घेऊन पायरीवरून घसरली, ती पसरलेल्या उजव्या हातावरच पडली. घरी आणली तेव्हा कोपर मागच्या अंगाला निघालेलं, हात बघवत नव्हता. नगरला न्यायचं तर एस.टी. दुपारी. मी धावत तुमच्याकडं आलो. वादविवाद, पुस्तकं, सगळं तेव्हा कुठल्या कुठं गेलं होतं.

तुम्ही आलात, पाय धुतलेत, "ताई, माझ्याकडं बघू नका, मास्तरांकडं बघा," म्हणालात. डोळे मिटलेत. एका हातानं दंड धरला, दुसऱ्यानं मनगट, हळूहळू ताणत आणलंत, मग कोपर वाकवलंत, आणि आतून खट्ट असा आवाज आला. मालतीनं एकदाच "आई गं!" केलं. पाच मिनिटांत झालं. कामट्या लावून, कापडानं बांधून, हात गळ्यात अडकवून दिलात. निघताना मला म्हणालात, "बारा दिसांनी येतो सोडायला. तवर बोटं हालवत ऱ्हा म्हनावं."

बाराव्या दिवशी तुम्ही आलात आणि मी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं.

माझ्याकडं प्रथमोपचाराची पुस्तिका होती. शाळेत तो विषय माझ्याकडंच, मला प्रमाणपत्रसुद्धा होतं. त्या पुस्तिकेत लिहिलं होतं: 'निखळलेला सांधा मुळीच हलवू देऊ नये, आधार देऊन बांधून ठेवावा'. मास्तरकीची खोड, मी त्या ओळीखाली लाल शाईनं रेघसुद्धा मारली होती. मी म्हणालो, "अजून दुखतंय तिला."

"दुखंल की. थोडं दुखू द्या. सांधा हालला न्हाई तर रुसतो."

पाच दिवसांनी तुम्ही परत आलात. मी तेच सांगितलं. त्यानंतर आठवड्यानं पुन्हा आलात. पुस्तकाबाहेरचं काही मला माझ्या घरात चालवून घ्यायचं नव्हतं. आपलं चार वर्षांचं भांडण आता मी जिंकणार, असं मला वाटत होतं की काय, देव जाणे. मी म्हणालो, "वस्ताद, ही बकरी नाही."

टोपी नीट केलीत आणि गेलात. आतून मालती म्हणाली, "असं बोलतात का हो माणसाला?" मी तिलाही गप्प केलं.

सात आठवड्यांनी मी स्वतः बांधलेलं सोडलं. हात सुकून काठी झाला होता आणि कोपर विळ्यासारखं जागच्या जागी वाकलेलं. सरळ होईना, वाकेना. घास तोंडाशी जाईना. वेणी तर सोडाच, तिला कपाळाला कुंकू लावता येईना. नगरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी फोटो काढला, हाड अगदी जागेवर बसलेलं होतं. विचारलं, "बसवलं कोणी? उत्तम बसवलंय." मग विचारलं, "बांधून किती दिवस ठेवलंत?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. "कोणी सांगितलं असं?"

मी पिशवीतून पुस्तिका काढून त्यांच्यापुढं धरली, लाल रेघेसकट. हसू नका वस्ताद. हसा हवं तर. त्यांनी ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पुढची ओळ वाचा." पुढची ओळ होती: 'व रुग्णास त्वरित दवाखान्यात न्यावे.' म्हणजे माझी ओळ दवाखान्याच्या दारापर्यंतचीच होती. सतरा वर्षं मुलांना "वाक्य पूर्ण वाचा रे गाढवांनो" म्हणून ओरडणारा मी. मालती खिडकीबाहेर बघत बसली होती. डॉक्टर म्हणाले, आता कोणी जोर लावून ओढायचं नाही, त्यांचं त्यांनीच रोज थोडं थोडं हलवायचं. पूर्ण येईल असं सांगवत नाही.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, वहिनींचा हात कसा? मी डबा उघडता उघडता म्हणालो, "वस्तादांनी ओढला ना त्या दिवशी, तिथंच बिघडलं."

एवढंच वाक्य. कोणी मान हलवली, कोणी "अडाणी लोक" म्हणालं, आणि मी भाजी वाढून घेतली. पण मास्तरचं वाक्य ते. चार दिवसांत हेडमास्तरांनी नोटीस काढली की खेळताना लागलेल्या मुलांना तालमीत नेऊ नये. आठवडे बाजारापर्यंत गावभर झालं. तुमच्या ओट्यावर सकाळी दहा-पंधरा माणसं असायची, ती दोन-तीनवर आली. मालतीला शेजारच्या बाईकडून कळलं. त्या दिवशी तिनं मला जेवताना विचारलं, "तुम्ही असं बोललात?"

"बोलून गेलो."

"मग शब्द मागं घ्या. त्यांना भेटून सांगा आणि चारचौघांतही सांगा."

"सांगीन," मी म्हणालो.

आणि मी जायच्या आधी तुम्हीच आलात. दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसलात, जसं काही झालंच नव्हतं. "ताई, हात दावा." मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसलो. एक वही अर्धा तास तपासली मी.

तुम्ही कोपराला हात लावला नाहीत. दंडाला आणि मनगटाकडं कोमट तेल लावलंत, मधला सांधा सोडून. "ह्याला चोळायचं न्हाई, चिडतो. मी वढनार न्हाई ताई. तुमीच न्या. दुखतंय तितं थांबा, धा मोजा, मागं या." रोज यायचात. कधी तिला भिंत पुसायला लावायचात, कधी रिकामा तांब्या उचलायला, कधी कण्या पाखडायला. ती वैतागायची, रडायची, तुम्हाला बोलायची. तुम्ही "व्हय, व्हय, लई वंगाळ मानूस हाय मी," म्हणायचात आणि परत दहा मोजायला लावायचात. उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी तिनं उजव्या हातानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तुम्ही दुसरीकडं बघत होतात. मी उठून परसात गेलो आणि तिथं उगाच बादली इकडची तिकडं ठेवली.

तेव्हा सांगायचं होतं. नाही सांगितलं.

मे महिन्यात आम्हा मास्तरांना दुष्काळी कामावर हजेऱ्या घ्यायला पाठवलं. तिसगावच्या रस्त्याला खडी फोडायचं काम चालू होतं. बायांची मनगटं सुजायची, खांदे धरायचे. तुम्ही तिथंही येऊन बाभळीच्या सावलीला बसला होतात. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. आपल्या गावच्या बाया तुमच्यासमोरून जायच्या आणि बसायच्या नाहीत. त्यातली एक सुजलेलं मनगट धरून माझ्याकडं आली. तुम्ही दहा पावलांवर होतात. ती चांगलं खणखणीत म्हणाली, "मास्तर, वस्तादाला दावू का? लोक म्हंत्यात, त्यांनी तुमच्या मंडळीचा हात घालवला."

अख्खं काम ऐकत होतं, वस्ताद. हातोड्या थांबल्या होत्या. माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हणालो, "दाखवा, दाखवा. काही हरकत नाही."

काही हरकत नाही! तुम्ही मान खाली घातलीत. ती बाई तुमच्यापुढं बसली तेव्हा तिचं मनगट तुम्ही नेहमीसारखंच हातात घेतलंत, डोळे मिटलेत. मी हजेरीत पुढचं नाव वाचलं.

मग पाऊस आला, माणसं शेताकडं गेली, शाळा भरली. मी म्हणायचो दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. म्हणायचो, एकदा मालतीचा हात पुरता बरा होऊ दे, मग एकदम सांगू. हात बरा झाला, थोडी कसर राहिली ती राहिलीच. तुम्ही रोजचं येणं बंद केलंत, तरी आठवड्यातून एकदा डोकावायचात. मी तुम्हाला ज्वारी कशी आहे, नातू कितवीत आहे, सगळं विचारायचो. ते एक सोडून. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही, मोठ्या मनाचा माणूस आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. फार सोयीची समजूत होती ती. आणि संक्रांत झाल्यावर एका सकाळी तुम्ही तालमीच्या ओट्यावर बसल्या जागी गेलात. मला तिसऱ्या तासाला कळलं. मी तो तास पूर्ण घेतला, काय शिकवलं ते विचारू नका.

परवा दुपारी तालमीपुढं शोकसभा झाली. हेडमास्तर अध्यक्ष. बाया लिंबाखाली बसल्या होत्या, मध्ये तुमच्या मंडळी गजराबाई, शेजारी मालती. मला बोलायला सांगितलं. मी सुरुवात केली ती पंधरा ऑगस्टला करतो तशीच, 'आज आपण सर्व येथे' वगैरे. दोन वाक्यांवर ते भाषण सोडून दिलं. मग म्हणालो, "माझ्या बायकोचं कोपर वस्तादांनी नीट बसवलं होतं. ते सोडायला तीनदा आले, मी सोडू दिलं नाही. सात आठवडे बांधून मी बिघडवलं आणि त्यांच्यावर ढकललं. बरं केलं तेही त्यांनीच." हेडमास्तर खाकरले. मला वाटलं, आता हलकं वाटेल. काही वाटलं नाही.

गजराबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "मास्तर, मला ठावं हुतं. त्यांच्या हातचा सांधा मला ठावं न्हाई व्हय? तुमच्याकडनं घरी आले की मी रोज इचारायची, मास्तर काय बोलले का? तर म्हनायचे, ताईचा हात आज दोन बोटं वर गेला. दुसऱ्या दिशी परत इचारायची, तर तेच. मग मला कट्टाळा आला, मी इचारायचं सोडलं." त्यांनी पदर सावरला. "तवापासून त्ये सोताच सांगायचे. पायतान काढता काढता म्हनायचे, आज बी न्हाई बोलले."

मी उभाच होतो. मालती उठून आली आणि मला हाताला धरून खाली बसवलं.

बोललो, वस्ताद. एक वर्ष आणि दहा दिवस उशिरानं बोललो.